ढगात शिरण्याआधी



1959 सालच्या 3 फेब्रुवारीला, मध्यरात्र उलटून एक वाजायला पाच मिनिटे असताना, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मेसन सिटी विमानतळावरून एक छोटे विमान उडाले. बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचे, एका इंजिनाचे, चार आसनांचे. आत चार माणसे होती आणि पुढच्या काही मिनिटांत चौघेही गेले. विमानतळापासून आठेक किलोमीटरवर, बर्फाने झाकलेल्या एका शेतात विमान आदळले. ते सापडले सकाळी, साडेनऊच्या सुमारास.

त्या चौघांतल्या तिघांची नावे जगाला ठाऊक आहेत. बडी हॉली, वय 22. रिची व्हॅलेन्स, वय 17. ‘बिग बॉपर’ या नावाने गाणारे जे. पी. रिचर्डसन, वय 28. रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतले हे तिघे गायक. त्यांच्या मृत्यूवर डॉन मॅक्लीन यांनी 1971 साली ‘अमेरिकन पाय’ हे गाणे केले आणि ते अजून ऐकले जाते. चौथा होता वैमानिक रॉजर पीटरसन, वय 21. मला आज मुख्यतः या चौथ्याविषयी बोलायचे आहे.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. विमानाच्या विषयात मी शिरलो तो कानाच्या वाटेने. चक्कर येते म्हणून येणारे रुग्ण मी रोज पाहतो. ‘डॉक्टर, घर फिरतंय’ असे ते सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात; त्यांना घर खरोखर फिरताना जाणवत असते. शरीर इतक्या प्रामाणिकपणे चुकीची साक्ष देऊ शकते, हे ज्याने रोज पाहिले आहे त्याला ढगात हरवलेल्या वैमानिकाला मूर्ख म्हणणे जमत नाही. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असत. त्यामुळे आधी थोडे शास्त्र सांगतो, आणि मग जबाबदारीच्या प्रश्नाकडे येतो.

कानाचे काम ऐकणे, असे आपण धरून चालतो. पण कानाच्या आतल्या भागात, कवटीच्या हाडात कोरल्यासारख्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. एकमेकींना काटकोनात बसवलेल्या, द्रवाने भरलेल्या. डोके वळले की नळी वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. त्या फरकाने आतला एक नाजूक पडदा वाकतो, त्याच्या तळाशी असलेल्या केशपेशी मेंदूला खबर देतात, आणि आपल्याला कळते की आपण वळतो आहोत. जमिनीवर चालण्या-धावण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. तिथे आपली वळणे क्षणभराची असतात, आणि सोबतीला डोळे असतात, पायाखाली जमीन असते.

आता वळण क्षणभराचे न राहता अर्धा मिनिट चालू राहिले तर काय होते? दहा-वीस सेकंदांत आतला द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो. पडदा सरळ होतो. माणूस वळतच असतो, पण कान सांगतो की आता आपण सरळ जात आहोत. आणि वळण थांबले की द्रव फिरतच राहतो, त्यामुळे आपण उलट दिशेला वळू लागलो असे वाटते. लहानपणी फुगडी घातलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. फुगडी थांबते, पण अंगण थांबत नाही. तिथे आपण हसतो आणि खाली बसतो. विमानात खाली बसण्याची सोय नाही.

आणखी एक गोष्ट. वळण अगदी सावकाश सुरू झाले, सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा कमी वेगाने, तर कानाला ते मुळी कळतच नाही. विमान नीट वळत असेल तर वजनाची जाणीवही मदत करत नाही, कारण त्या वेळी शरीरावरचा एकूण जोर सरळ आसनाच्या दिशेनेच लागतो. एक पंख जमिनीकडे झुकलेला असताना आत बसलेल्याला आपण खुर्चीत ताठ बसलो आहोत असे वाटते. दिवसा उजेडी हे चालून जाते, कारण समोर क्षितिज दिसते आणि डोळे कानाची चूक दुरुस्त करतात. ढग डोळ्यांना बाजूला काढतो. मग उरतो फक्त कान.

यापुढे काय घडते ते वैमानिकांना चांगले ठाऊक आहे. इंग्रजीत या घसरणीच्या नावात स्मशान आहे. पंख नकळत झुकतो. झुकलेल्या विमानाला वर धरून ठेवणारा जोर कमी पडतो, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिक वेगमापक पाहतो, उंची कमी होताना पाहतो. त्याच्या शरीराच्या मते पंख सपाट आहेत, म्हणजे नाक तेवढे वर घ्यायचे. तो नियंत्रणदांडा मागे ओढतो. पंख सपाट असते तर विमान वर गेले असते. पण ते झुकलेले असल्यामुळे वळण आणखी घट्ट होते आणि विमान मळसूत्रासारखे खाली उतरू लागते. तो आणखी ओढतो. इंजिन ठीक असते, पंख ठीक असतात, माणूस शुद्धीवर असतो, आणि विमान जमिनीवर येते.

आयोवातले विमान असेच आदळले. तपास केला अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने, आणि त्याचा अहवाल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. मी तो पुनःपुन्हा वाचला आहे. मोजक्या पानांचा आहे, भाषा कोरडी आहे, पण त्यातल्या उपकरणांच्या नोंदी वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. आदळताना काटे जिथे अडकले तिथेच राहिले होते. वेगमापकाचा काटा ताशी 165 ते 170 मैलांच्या मध्ये. खाली उतरण्याचा वेग मिनिटाला 3000 फूट. विमानाची स्थिती दाखवणारे उपकरण सांगत होते : उजवीकडे 90 अंश झुकलेले, नाक खाली. आधी उजवा पंख टेकला. चाके आत घेतलेली होती, इंजिन चालू होते, हवेत काहीही मोडलेले नव्हते. अवशेष पाचशे फुटांहून अधिक घरंगळत जाऊन एका तारेच्या कुंपणाला अडकले.

आता त्या संध्याकाळकडे या. ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा दौरा चालू होता. 24 दिवसांत 24 गावे, तीही ऐन हिवाळ्यात, अमेरिकेच्या अतिशय थंड भागात. गावांचा क्रम असा लावला होता की बस एकदा पूर्वेला तर एकदा पश्चिमेला शेकडो मैल धावे. बसचा हीटर बंद पडे. हॉलीच्या ताफ्यातला ड्रमवादक पाय हिमदंशाने बाधल्यामुळे रुग्णालयात होता. 2 फेब्रुवारीला क्लिअर लेक गावच्या ‘सर्फ बॉलरूम’मध्ये कार्यक्रम झाला. पुढचा कार्यक्रम सुमारे 600 किलोमीटरवर, मिनेसोटातल्या मूरहेडला. हॉलीने ठरवले की बस नको. विमानाने जायचे, कपडे धुवून घ्यायचे आणि थोडी झोप काढायची. माणशी 36 डॉलर. रिचर्डसन यांना फ्लू झाला होता, म्हणून हॉलीच्या ताफ्यातल्या वेलन जेनिंग्ज यांनी आपली जागा त्यांना दिली. त्याच ताफ्यातले टॉमी ऑलसप आणि व्हॅलेन्स यांनी एका जागेसाठी नाणे उडवले आणि व्हॅलेन्स जिंकला. या नाण्याच्या गोष्टीवर आजवर बरेच लिहिले गेले आहे. मला त्यात रस नाही. नाण्यामुळे कोण गेले ते बदलले. विमान पडण्याचे कारण दुसरीकडे होते.

पीटरसनच्या नावावर 711 तासांचे उड्डाण होते, त्यातले 128 तास बोनान्झावरचे. एकवीस वर्षांच्या मुलासाठी हा अनुभव थोडा नव्हे. पण त्याचा परवाना डोळ्यांनी पाहून उडण्यापुरता होता. नुसत्या उपकरणांवर उडण्याचे सुमारे 52 तासांचे प्रशिक्षण त्याने घेतले होते, लेखी परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. 1958 च्या मार्चमध्ये झालेल्या प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत मात्र तो नापास झाला होता. ज्या कंपनीत तो नोकरीला होता तिलाही फक्त डोळ्यांनी पाहून उडण्याच्याच परवानगीवर विमाने भाड्याने देता येत होती.

अहवालात आणखी एक नोंद आहे आणि माझ्या व्यवसायामुळे माझी नजर तिच्यावर अडकली. पीटरसनच्या उजव्या कानाची ऐकण्याची क्षमता कमी होती. त्यामुळे त्याची खास उड्डाण चाचणी घेऊन त्याला सवलत देण्यात आली होती. ‘बघा, कानातच दोष होता’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. मी डॉक्टर म्हणून सांगतो, हा निष्कर्ष काढू नका. ऐकण्याचा अवयव आणि तोलाचा अवयव एकाच हाडाच्या घरात राहतात, पण एक बिघडला म्हणजे दुसरा बिघडला असे होत नाही. अहवालही त्या कानावर दोष ठेवत नाही. आणि तो ठेवण्याची गरजही नाही, कारण त्या रात्री दोन्ही कान ठणठणीत असलेल्या माणसालाही त्याच्या कानांनी हेच सांगितले असते. याचा पुरावा पाच वर्षे आधीच उपलब्ध होता.

1954 साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना, सोबत अनुभवी शिक्षक देऊन, बाहेरचे काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिले. वीसपैकी एकोणीस जण त्याच मळसूत्री घसरणीत गेले. विसाव्याने नाक इतके वर नेले की विमानाची उचल संपली. कोणाचा ताबा वीस सेकंदांत गेला, कोणाचा आठ मिनिटांत. सरासरी आली 178 सेकंद. तीन मिनिटेही नाहीत. आणि प्रयोगासाठी वापरलेले विमान होते बीचक्राफ्ट बोनान्झा. आयोवातले विमान हे त्याच जातीचे, थोडे जुने.

या प्रयोगात दुसरा भागही होता, आणि त्याची आठवण क्वचितच कोणी काढते. संशोधकांनी त्याच वीस जणांना नंतर एक साधी पद्धत शिकवली. चाके खाली सोडा, म्हणजे वेग आवरतो. इंजिनाचा जोर कमी करा. नियंत्रणदांड्यावरचे हात काढून घ्या, कारण घात होतो तो हातांमुळेच. पायांनी सुकाणू सांभाळा, वळण दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवा, आणि सेकंदाला तीन अंश या वेगाने मागे वळा. एका मिनिटात विमानाचे तोंड आल्या वाटेकडे होते. हे शिकवल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी प्रत्येक जण सुखरूप बाहेर आला. ढगात पुढे जाण्याचे कौशल्य त्यांना कोणी शिकवले नव्हते. ढगातून परत फिरण्याचे शिकवले होते.

या बाबतीत 1959 साली विज्ञान अंधारात नव्हते. 1926 साली सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम ऑकर नावाच्या लष्करी वैमानिकाला बाराणी खुर्चीत बसवले गेले. डोळे झाकून माणसाला फिरवणारी ही खुर्ची. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या रॉबर्ट बाराणी यांना अंतर्कर्णावरच्या कामासाठी 1914 चे नोबेल मिळाले होते. ऑकर मुरलेला वैमानिक होता, आणि आपण कोणत्या दिशेला फिरतो आहोत हे त्याला सांगता येईना. आपल्या इंद्रियांचा हा पराभव त्याने मान्य केला आणि पुढची अनेक वर्षे उपकरणांवर विश्वास ठेवायला इतरांना शिकवले. 24 सप्टेंबर 1929 ला जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर पूर्ण झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. समोर होते स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज. पुढच्या आसनावर बेन केल्सी हे दुसरे वैमानिक बसले होते, हात वापरायची वेळ न येता. पीटरसनच्या अपघाताच्या तीस वर्षे आधी हा प्रश्न सुटला होता. ज्ञान होते, उपकरण होते, शिक्षणाची पद्धत होती. त्या रात्री यांतले काय त्या मुलाच्या हाताशी होते, हा खरा प्रश्न आहे.

उपकरणापासून सुरुवात करू. त्या विमानात स्पेरीचे एफ-3 जातीचे स्थितिदर्शक बसवलेले होते. पीटरसन ज्या विमानांवर शिकला त्यांत नेहमीचे कृत्रिम क्षितिज होते. नेहमीच्या उपकरणात नाक वर गेले की क्षितिजाची रेघ खाली सरकते. एफ-3 मध्ये नाकाची ही वर-खाली नेमकी उलट दिसे. जो माणूस घाबरलेला आहे, ज्याचे शरीर एक सांगते आहे आणि डोळ्यांसमोरची तबकडी दुसरे, त्याला त्या तबकडीवरची खूण उलटी करून वाचायची होती. तीही अंधारात, वादळी वाऱ्यात, जेमतेम काही सेकंदांत.

मग हवामान. त्या संध्याकाळी आणि रात्री पीटरसनने मेसन सिटीच्या हवाई संपर्क केंद्राकडे पुनःपुन्हा चौकशी केली होती. त्याला सांगितले गेले ते असे : ढग उंच आहेत, दूरवरचे दिसते आहे, मूरहेडजवळच्या फार्गोला पहाटे दोनच्या सुमारास बर्फाची शक्यता. चित्र काळजीचे नव्हते. पण रात्री 11.35 वाजता आणि पुन्हा 12.15 वाजता हवामान खात्याच्या दोन तातडीच्या सूचना निघाल्या होत्या. वाटेवर बर्फाचा रुंद पट्टा, दोन मैलांहून कमी दृश्यता, विमानावर बर्फ जमण्याचा धोका. या सूचनांकडे पीटरसनचे लक्ष वेधल्याचे केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना आठवले नाही. दरम्यान विमानतळावरच हवा फिरत होती. निघण्याच्या वेळी हलका बर्फ पडू लागला होता, ढगांची उंची 3000 फुटांवर आली होती, दक्षिणेचा वारा 20 नॉट्सवरून 30 पर्यंत झोत घेत होता.

इथे मला ‘ढग’ या शब्दाविषयीची एक समजूत दुरुस्त करायची आहे. वैमानिक हरवतो तो पांढऱ्या कापसाच्या ढिगातच, असे नाही. आयोवाचा तो भाग विरळ वस्तीचा. खाली दिवे नाहीत, वर तारे नाहीत, जमीन पांढरी, हवेत बर्फ. क्षितिज नाहीसे होण्यासाठी इतके पुरते. वैमानिकाच्या डोळ्यांपुरते बोलायचे तर धावपट्टीचे दिवे मागे पडले तिथेच तो ढगात शिरला होता.

कंपनीचा मालक त्या रात्री विमानतळावर होता. पीटरसनबरोबर तोही संपर्क केंद्रात गेला होता. उड्डाण त्याने मनोऱ्याच्या बाहेर उभे राहून पाहिले. विमान सुमारे 800 फुटांवर गेले, डावीकडे वळून वायव्येला निघाले, आणि मग त्याला दिसले की शेपटीचा पांढरा दिवा हळूहळू खाली उतरतो आहे आणि दिसेनासा होतो आहे. उड्डाणाचा आराखडा हवेत गेल्यावर रेडिओवरून कळवायचे ठरले होते. ते कळवणे आले नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. सकाळी तोच दुसरे विमान घेऊन शोधायला निघाला आणि अवशेष त्यालाच सापडले.

आता अहवालाचा निष्कर्ष. अपघाताचे संभाव्य कारण म्हणून मंडळाने वैमानिकाचा निर्णय पुढे ठेवला : पात्रता नसताना, केवळ उपकरणांवर उडावे लागेल अशा उड्डाणाला निघणे शहाणपणाचे नव्हते. हवामानाची माहिती देण्यातल्या गंभीर उणिवा आणि त्या उपकरणाची वैमानिकाला नसलेली ओळख यांना हातभार लावणारी कारणे म्हटले. हा निष्कर्ष तांत्रिक दृष्टीने बरोबर आहे. माझी तक्रार त्यातल्या क्रमाबद्दल आहे. त्या क्रमात एकवीस वर्षांचा मुलगा वाक्याचा कर्ता होतो आणि बाकी सगळे मागच्या ओळीत जातात. सूचना खिशात राहिलेली यंत्रणा, उलटे वाचावे लागणारे उपकरण, उपकरणांवर उडता येत नाही हे माहीत असून त्याच्या हाती रात्रीचे विमान देणारा व्यवसाय, थंडीने गारठलेल्या कलाकारांना 24 दिवसांत 24 गावे पळवणारा दौरा. यांतले एकेक घेतले तर कोणीच गुन्हेगार ठरत नाही. सगळ्यांची बेरीज मात्र एका मुलाच्या हातात दिली गेली आणि त्याने ती सांभाळावी अशी अपेक्षा ठेवली गेली.

त्याने नाही म्हणायला हवे होते का? हवे होते. पण मला सांगा, मध्यरात्री, तीन प्रसिद्ध माणसे सामान घेऊन उभी आहेत, मालक शेजारी आहे, मिळालेली माहिती ठीकठाक आहे, अशा वेळी एकवीस वर्षांच्या नोकरदाराने नाही म्हणायचे ते कोणाच्या आधारावर? रुग्णालयातही मी हे पाहतो. नवा निवासी डॉक्टर रात्री दोनला वरिष्ठाला फोन करायला धजत नाही, कारण आपण अडाणी ठरू अशी त्याला भीती असते. ज्या विभागात ‘शंका आली की फोन करायचाच, ओरडा मिळणार नाही’ असा लेखी नियम असतो, तिथे तो करतो. मुलगा दोन्हीकडे तोच असतो.

ही गोष्ट त्या एका रात्रीपुरती नाही. 5 मार्च 1963 ला कंट्री संगीतातल्या मोठ्या गायिका पॅट्सी क्लाइन टेनेसीत कॅम्डेनजवळ विमान कोसळून गेल्या. पायपर कोमांचे विमान, चालवणारे त्यांचे व्यवस्थापक रँडी ह्यूज, उपकरणांवर उडण्याचा परवाना नाही, वाटेत खराब हवा. सोबतचे दोन गायक काउबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स हेही गेले. वाटेतल्या डायर्सबर्ग विमानतळाच्या व्यवस्थापकाने, हवा बरी नाही, रात्र इथेच काढा, राहण्याची सोय करतो, असे सांगून पाहिले होते. पण घर जवळ आले होते. इतके आलो तर थोडे आणखी जाऊ, हा विचार आपल्या प्रत्येकाच्या मनात घाटात, पुराच्या पुलावर, पावसातल्या रस्त्यावर कधी ना कधी येऊन गेलेला आहे.

आज अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या साध्या परवान्यासाठीही निदान तीन तास नुसत्या उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण लागते. इलिनॉयचा धडा नियमात आला. तरी 16 जुलै 1999 ला जॉन एफ. केनेडी कनिष्ठ, त्यांची पत्नी आणि मेहुणी मार्थाज व्हिनियार्ड बेटाजवळ समुद्रात विमान कोसळून गेले. काळोखी रात्र, धुरकट हवा, खाली पाणी, क्षितिज नाही. केनेडींचे उपकरण प्रशिक्षण चालू होते, पूर्ण झाले नव्हते. विमानात स्वयंचलित नियंत्रक होता. त्यांच्या एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती, पण त्यांना विमान एकट्याने न्यायचे होते. शेवटच्या क्षणांत विमान मिनिटाला 4700 फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते. पैसा, उत्तम विमान, प्रशिक्षण, सगळे होते. कानाच्या आतला द्रव यांतले काही विचारत नाही. तीन तासांचे प्रशिक्षण माणसाला परत वळायला मदत करते. पुढे जाण्याचा परवाना ते देत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

आपल्याकडे ढग हा चार महिन्यांचा पाहुणा आहे. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला पुस मॉथ विमानातून टपाल आणले, पण पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलात जाई आणि टपालसेवेला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमान न उडवणे, तळ बदलणे, वाट पाहणे हा त्या काळी कामाचाच भाग होता, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आज छोटी विमाने आणि हेलिकॉप्टरे सर्वाधिक धावतात ती निवडणुकीत. सभा ठरलेली असते, लोक येऊन बसलेले असतात, आणि वैमानिकाच्या पाठीमागे राज्याचे किंवा देशाचे भवितव्य बसले आहे असे त्याला जाणवून दिले जाते.

30 सप्टेंबर 2001 ला माधवराव शिंदे उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ छोटे बीचक्राफ्ट विमान कोसळून गेले. ते कानपूरला सभेसाठी निघाले होते. सोबत पत्रकार होते. विमानातले आठही जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताची तुलना मी पीटरसनच्या अपघाताशी करत नाही. ते विमान आणि त्याचे चालक वेगळ्या प्रतीचे होते. मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. साताऱ्याच्या कण्हेरखेडहून निघालेल्या घराण्यातला हा माणूस 1991 ते 1993 देशाचा नागरी विमान वाहतूक मंत्री होता. 9 जानेवारी 1993 ला इंडियन एअरलाइन्सने भाड्याने घेतलेले एक तुपोलेव्ह विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सुदैवाने कोणीही दगावले नाही. विमान परदेशी, कर्मचारी परदेशी. वैमानिकाची चूक असे म्हणून फाइल मिटवणे अगदी सोपे होते. शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. एकही मृत्यू नसताना. मंत्री कॉकपिटमध्ये नसतो, हे त्यांनाही कळत होते. पण धुक्यात कोणते विमान, कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर उतरते हे ठरवणारी साखळी कॉकपिटमध्ये सुरू होत नाही, आणि त्या साखळीच्या वरच्या टोकाला आपण आहोत हे त्यांनी मान्य केले. आपल्या सार्वजनिक जीवनात या राजीनाम्याची आठवण पुरेशी ठेवली गेलेली नाही असे मला वाटते.

आज या सभागृहात असे काही जण नक्की आहेत ज्यांना पुढेमागे छोट्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसण्याची वेळ येईल. कोणी उद्योजक असतील, कोणी पुढारी, कोणी त्यांचे सचिव, कोणी अवयव किंवा रुग्ण घेऊन निघालेले माझे व्यवसायबंधू. त्यांच्याकडे माझे मागणे छोटे आहे. निघण्याआधी वैमानिकाला विचारा की वाटेत हवा बिघडली तर आपण कुठे वळणार आणि कुठे उतरणार. त्याच्याकडे उत्तर तयार असेल तर बसा. आणि प्रश्न विचारतानाच त्याला ऐकू जाईल असे सांगा की आज पोहोचलो नाही तरी चालेल, सभा उद्या घेऊ, शस्त्रक्रियेची वेळ आम्ही बदलू. हे प्रवाशाने स्वतःच्या तोंडाने सांगितले की वैमानिकाच्या खांद्यावरचे ओझे कमी होते. मागच्या आसनावरून दिलेला हा शब्द कोणत्याही उपकरणाइतकाच उपयोगी आहे, आणि तो जमिनीवरच द्यावा लागतो. ढगात शिरल्यावर त्याच्याकडे ऐकायला वेळ नसतो.

जिथे विमान पडले त्या आयोवातल्या शेतात 1988 साली एका चाहत्याने पोलादाचे स्मारक उभे केले : एक गिटार आणि तीन गायकांच्या नावाच्या तीन तबकड्या. रॉजर पीटरसनसाठी तिथे वैमानिकाचे पंख बसवले गेले ते 2009 साली, अपघाताला पन्नास वर्षे झाल्यावर. ते घडवणारा माणूस तोच होता. मधल्या एकवीस वर्षांत त्याला कशाने हे करावेसे वाटले ते मी सांगू शकत नाही. पण त्या शेतात चार माणसे गेली होती, आणि आता तिथे चौघांचीही खूण आहे.